'आपण' शिकवणारी शाळा

फ्रेडरिक बरागा हा स्लोव्हेनियातून आलेला कॅथलिक धर्मोपदेशक अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या परिसरात ओजिब्वे लोकांमध्ये राहिला. त्याने १८५० मध्ये त्यांच्या भाषेचे व्याकरण आणि १८५३ मध्ये कोश छापला. ते व्याकरण प्रथम चाळताना मी सर्वनामांपाशी थांबलो. इंग्रजीतल्या एका 'वुई'साठी ओजिब्वेत दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळायचे असेल तर 'नीनविंद' आणि त्याला सामावून घ्यायचे असेल तर 'गीनविंद'. इंग्रजी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागतो. मराठी वाचकाला तो सांगावा लागत नाही, कारण आपल्याकडे 'आम्ही' आहे आणि 'आपण'ही आहे. "आम्ही जेवतो" आणि "आपण जेवू" यांतला फरक घरातल्या लहान पोरालाही कळतो. पानावर बसायचे की नाही, हे त्यावरच ठरते.

असा भेद कोणी शिकवत नाही, तो कानावर पडून येतो. ओजिब्वे मुलांच्या बाबतीत हे कानावर पडणेच बंद करण्यात आले.

१८७९ मध्ये रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा काढली आणि पुढच्या अनेक शाळांना तिचा नमुना मिळाला. मुलांना घरापासून दूर ठेवायचे, केस कापायचे, नावे बदलायची आणि मातृभाषा बोलल्यास शिक्षा करायची, ही त्या शाळांची रीत होती. अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १८१९ ते १९६९ या काळातल्या अशा ४०८ सरकारी किंवा सरकारी साहाय्यावर चाललेल्या शाळांची नोंद आहे.

भाषा शाळेत मेली, असे आपण सहज म्हणतो. मला ते अर्धेच खरे वाटते. शिक्षा भोगलेली मुले पुढे आईबाप झाली. आपल्या लेकरांच्या वाट्याला तेच येऊ नये म्हणून त्यांतली अनेकजण घरात इंग्रजी बोलू लागली. साखळी खरी तुटली ती या मायेपोटी. म्हणूनच, शाळेने मोडलेले शाळेनेच जोडता येईल का, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे.

१९८० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या माओरींनी आणि हवाईच्या रहिवाशांनी बालवाड्या काढून एक वाट दाखवली. भाषेचा तास ठेवायचा नाही, सगळा दिवसच त्या भाषेत घालवायचा. अमेरिकन संसदेने १९९० च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या भाषांतून शिक्षण देण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर, शतक पालटत असताना, विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात 'वादोकोदादिंग' ही ओजिब्वे माध्यमाची शाळा उभी राहिली. १८५४ च्या ला पॉइंट तहाने ठरलेल्या राखीव प्रदेशातली ही शाळा. तो प्रदेश फ्रेंच नावाने ओळखला जातो, पण तिथले लोक आपल्या भाषेत त्याला ओदावांच्या सरोवराचे ठिकाण म्हणतात.

अशा शाळेपुढे पहिली अडचण शिक्षकांची असते. ज्यांना भाषा अस्खलित येते ते आजी-आजोबा आहेत. त्यांच्याकडे अध्यापनाची पदवी नसते. ज्यांच्याकडे पदवी असते त्या तरुणांनी भाषा मोठेपणी, कष्टाने मिळवलेली असते. त्यामुळे दोघांनी मिळून काम करावे लागते. गणिताच्या, विज्ञानाच्या संज्ञा तयार नसतात. तरुण शिक्षक संकल्पना समजावतात, वडीलधारे शब्द सुचवतात किंवा नाकारतात. पाठ्यपुस्तकेही घरीच बनवावी लागतात.

वेळापत्रक ऋतू ठरवतात. वसंतात मेपलच्या झाडांचा रस काढून आटवायचा. सुमारे ४० भाग रसाचा एक भाग पाक होतो, तेव्हा गुणाकार-भागाकार चुलीपाशीच होतात. उन्हाळा सरताना 'मनोमिन', म्हणजे सरोवरातला रानतांदूळ, होडीतून झोडपून गोळा करायचा. नानाबोझोच्या कथा सांगायच्या त्या मात्र जमिनीवर बर्फ असतानाच.

तरीही मूल घरी जाते ते बहुधा इंग्रजीत. अस्खलित बोलणारी म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आकड्यांकडेच पाहिले तर हा खटाटोप उशिरा सुरू झाला असे वाटते, आणि बराच काळ मलाही तसेच वाटत होते.

माझे मत बदलले ते 'शाळा' या अर्थाच्या ओजिब्वे शब्दाने. तो शब्द 'गिकिनोआमादिविगमिग'. त्यात 'शिकवणे' हा धातू आहे, शेवटी 'घर' आहे आणि मधल्या 'दि' या प्रत्ययाचा अर्थ 'एकमेकांना' असा आहे. म्हणजे एकमेकांना शिकवण्याचे घर. 'वादोकोदादिंग' या नावातही तोच प्रत्यय आहे: एकमेकांना मदत करतात ते ठिकाण. निवासी शाळेत हा 'एकमेकांना' नव्हता. तिथे एक शिकवणारा आणि बाकीचे सुधारले जाणारे. इथे आजोबा शिक्षकाला भाषा देतात, शिक्षक त्यांना वर्गात बोलण्याचे निमित्त देतो, आणि मूल घरी नेलेल्या शब्दांनी आईबापांना शिकते करते.

साखळी घरात तुटली होती, म्हणून जोड घरापर्यंत पोचायला हवा. काही ओजिब्वे वस्त्यांत आणि शहरांतही मोठी माणसे जेवणाच्या निमित्ताने एकत्र जमतात आणि अडखळत का होईना, त्याच भाषेत बोलतात. जेवायला सुरुवात करताना ओजिब्वेत 'वीसिनिदा' म्हणतात. त्या 'दा'मध्ये ऐकणारा धरलेलाच असतो. मराठीत आपण म्हणू, 'चला, जेवू या.'