बॅक्स्टर स्टेट पार्क : अठ्ठावीस दानपत्रांची वाटचाल

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या जंगलात कटाडिन हा डोंगर उभा आहे. उंची सुमारे १,६०६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम ४० मीटर कमी. पण हवा अगदी वेगळी. ऑक्टोबरातच तिथे बर्फ पडू लागतं, माथ्याच्या बरंच खाली झाडी संपते आणि पुढे नुसती शिळांची रास आणि वारा. हा डोंगर आणि त्याच्या भोवतालचं दोन लाख नऊ हजार एकरांचं रान सांभाळणारी संस्था म्हणजे बॅक्स्टर स्टेट पार्क. नावात 'स्टेट' असलं तरी राज्याच्या इतर उद्यानांचं खातं हे उद्यान चालवत नाही. ते मुख्यतः स्वतःच्या निधीच्या उत्पन्नावर, येणाऱ्यांच्या शुल्कावर आणि थोड्याफार लाकडाच्या विक्रीवर चालतं. नव्वदहून अधिक वर्षांत या संस्थेने डोंगरावर जे जे होऊ दिलं नाही, त्यासाठी मला तिच्याविषयी फार आदर वाटतो.

डोंगर पेनॉबस्कॉट लोकांचा. त्यांच्या कथांमध्ये कटाडिनच्या माथ्यावर पमोला राहतो. त्याचं डोकं मूस या थोरल्या हरणाचं, धड माणसाचं आणि पंख गरुडाचे. वर चढून येणाऱ्यांवर तो रागावतो आणि वादळ धाडतो. आजही दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला पेनॉबस्कॉट लोक आपल्या बेटावरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत शंभर मैल धावत, चालत, नावा वल्हवत येतात. गोऱ्या लोकांची पहिली नोंदलेली चढाई १८०४ ची. हेन्री डेव्हिड थोरो १८४६ मध्ये आला, पण ढगांनी वेढल्यामुळे त्याला माथा गाठता आला नाही. तोवर लाकूडतोडे नद्यांच्या काठाने आत शिरले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरासकट सारं रान कागदाच्या आणि इमारती लाकडाच्या कंपन्यांच्या मालकीचं होतं.

पर्सिव्हल बॅक्स्टर यांचे वडील पोर्टलंड शहराचे महापौर होते. घरची श्रीमंती, स्वतः अविवाहित, राजकारणात मुरलेले. १९२० मध्ये ते काही मंडळींबरोबर कटाडिन चढले. पमोला शिखराकडून 'नाइफ एज' ओलांडून ते माथ्यावर गेले. ही धार मैलभर लांब आहे आणि काही ठिकाणी जेमतेम तीन फूट रुंद. दोन्ही बाजूंना दरी. हात टेकवत, खडकांना धरत पुढे सरकावं लागतं. त्याच वर्षापासून हा डोंगर जनतेच्या मालकीचा व्हावा हा ध्यास त्यांनी घेतला. १९२१ च्या जानेवारीत राज्यपालांचं निधन झालं आणि सेनेटचे अध्यक्ष म्हणून बॅक्स्टर यांच्याकडे राज्यपालपद आलं. १९२५ पर्यंत ते त्या पदावर होते. उद्यानाचा प्रस्ताव त्यांनी विधिमंडळापुढे मांडला, पण मंजुरी मिळाली नाही. मेनमध्ये कागद कंपन्यांचा शब्द तेव्हा फार वजनदार होता.

राज्यपालपद गेल्यावर माणसं सहसा आपला आग्रहही सोडून देतात. बॅक्स्टर यांनी ठरवलं की सरकार घेत नसेल तर आपण घेऊ. १९३० मध्ये त्यांनी ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीकडून ५,९६० एकर जमीन २५,००० डॉलरना विकत घेतली. कटाडिनचा माथा त्यात होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ती राज्याला देऊन टाकली, पण अटी घालून. जमीन कायम सार्वजनिक उद्यान म्हणून राहील, तिचं नैसर्गिक रानटी रूप जपलं जाईल आणि ती पशुपक्ष्यांचं अभयस्थान असेल. राज्याने दान स्वीकारलं ते या अटींसकट. इथे दाता राज्याचा माजी प्रमुख होता, कायदा जाणणारा होता. आपल्या पाठीमागे येणारे लोक काय काय मागतील याची त्याला कल्पना होती, म्हणून दानपत्रातला शब्द न् शब्द त्याने तोलून घातला.

मग पुढची तीस वर्षं हेच चाललं. १९३१ ते १९६२ या काळात अठ्ठावीस दानपत्रं झाली. कंपन्या विकायला नाखूष, वारसदारांत वाटे, तरी बॅक्स्टर थांबले नाहीत. कधी एक तुकडा, कधी शेजारचा, जसा हाती लागेल तसा. १९३७ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान करावा असं विधेयक वॉशिंग्टनमध्ये आलं, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. केंद्राच्या हाती गेलं की हॉटेलं आणि मोठाले रस्ते येतील, हे भय त्यामागे होतं. शेवटच्या दानाअखेर एकूण जमीन २,०१,०१८ एकर झाली होती. १२ जून १९६९ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांची रक्षा उद्यानात विखुरली गेली. देखभालीसाठी त्यांनी मागे ठेवलेला निधी सत्तर लाख डॉलरच्या आसपास होता.

त्यांच्याविषयीची एक आठवण इथे नोंदवावीशी वाटते. १९२३ मध्ये राज्यपाल असताना त्यांचा गॅरी नावाचा आयरिश सेटर कुत्रा मेला, तेव्हा त्यांनी राज्याच्या इमारतीवरचा ध्वज अर्ध्यावर उतरवला होता. वर्तमानपत्रांनी टीका केली, पण ते बधले नाहीत. त्याच बॅक्स्टर यांच्या उद्यानात आज पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही, कारण रानातल्या प्राण्यांना त्याचा त्रास होतो. माणसाच्या प्रेमाचा तोल मला या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावर कळतो.

कारभाराची घडी खास त्यांच्या विचारातली आहे. निर्णय घेणारं मंडळ तीन जणांचं : राज्याचे महान्यायवादी, मत्स्य व वन्यजीव खात्याचे आयुक्त आणि वन खात्याचे संचालक. रोजचा कारभार उद्यानाचे संचालक आणि वनरक्षक बघतात. १९५० मध्ये हेलन टेलर पर्यवेक्षक झाले आणि १९६७ पर्यंत राहिले. हे मूळचे शिकार-रक्षक. सुविधा तुटपुंज्या, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तरी पायवाटा, झोपड्या आणि शिस्त त्यांनी बसवली. पमोला शिखराकडे जाणाऱ्या एका पायवाटेला आज त्यांचं नाव आहे. १९६० मध्ये त्यांच्या हाताखाली आलेला तरुण वनरक्षक 'बझ' कॅव्हर्ली पुढे संचालक झाला आणि २००५ पर्यंत उद्यानातच राहिला. टेलर आणि कॅव्हर्ली या दोघांना बॅक्स्टर प्रत्यक्ष माहीत होते. कटाडिनखालच्या चिमनी पाँडजवळ ज्यांच्या गोष्टी ऐकायला लोक शेकोटीभोवती बसत, ते लेरॉय डडली या दोघांच्याही आधीचे. पमोलाच्या कथा त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं त्या बऱ्याच वर्षांनंतरही सांगत.

१९६३ चा ऑक्टोबर उद्यानाच्या मनातून गेलेला नाही. एक गिर्यारोहक महिला नाइफ एजवरून पायवाट सोडून सरळ खाली उतरू लागली आणि कड्यावर अडकली. चिमनी पाँडचा वनरक्षक राल्फ हीथ तिला आणायला निघाला आणि हिमवादळ आलं. दोघेही परतले नाहीत. त्यांचे देह पुढच्या वसंतात, बर्फ वितळल्यावर मिळाले. उद्यानाच्या सगळ्या नियमांमागे मला हीथ दिसतो. पायवाट सोडू नका, निघण्याआधी नोंदवहीत नाव लिहा, हवा बिघडली तर परत फिरा, हे सांगणाऱ्या वनरक्षकाचा आवाज कोरडा वाटत असेल, पण तो आवाज जिवाची किंमत मोजून आलेला आहे.

खरी परीक्षा १९७४ च्या नोव्हेंबरात झाली. मोठ्या वादळाने उद्यानात हजारो झाडं आडवी पडली. पडलेलं लाकूड वणव्याला आमंत्रण देईल, म्हणून मंडळाने कागद कंपनीला ते काढून नेण्याचं कंत्राट दिलं. काम अवजड यंत्रांनी सुरू झालं. नागरिक संतापले. ज्या जमिनीचं रानटी रूप जपायचं, तिच्यावर यंत्रांची चाकं फिरवायची का, हा प्रश्न घेऊन उद्यान वापरणारे काही जण कोर्टात गेले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९७८ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की उद्यानाचा उपभोग घेणाऱ्या सामान्य नागरिकाला दानपत्राच्या अटींसाठी दाद मागता येते. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासात बॅक्स्टर यांच्या खरेदीखालोखाल महत्त्वाची घटना ही आहे. मंडळावर माणसं बदलतात, दबाव येतात. अशा वेळी अटींची आठवण करून देणारा कोणीतरी बाहेर जागा असावा लागतो. मात्र आगीचं भयही खोटं नव्हतं. १९७७ च्या जुलैत वीज पडून वणवा लागला, त्यात उद्यान आणि शेजारची जमीन मिळून तीन हजारांहून अधिक एकर जळालं. त्या जागी पुढे बर्चचं नवं रान उगवलं.

बॅक्स्टर स्वतः कडवे नव्हते, हेही सांगायला हवं. वायव्येकडचे २९,५३७ एकर त्यांनी शास्त्रीय वनव्यवस्थापनासाठी राखून ठेवले. युरोपात पाहिलेली, काळजीने केलेली वृक्षतोड मेनच्या लोकांनीही शिकावी ही इच्छा त्यामागे होती. काही तुकड्यांवर त्यांनी शिकारीला परवानगी दिली, पण मूसची शिकार सगळीकडे मना. मोटारींविषयीची भूमिकाही त्यांनी वयाबरोबर थोडी सैल केली, पण थोडीच.

आज तिथे जायचं म्हटलं की या सगळ्याचा प्रत्यय येतो. दक्षिणेच्या टोग पाँड फाटकावर गाडी थांबते. पुढचा रस्ता कच्चा, दाट झाडीतून जाणारा, वेगाची मर्यादा ताशी २० मैल. नऊ फुटांहून उंच किंवा सात फुटांहून रुंद वाहन आत सोडत नाहीत, मोटारसायकलींना बंदी. आत वीज नाही, नळ नाही, दुकान नाही. ओढ्याचं पाणी स्वतः उकळून किंवा गाळून प्यायचं आणि कचरा परत घेऊन यायचा. रोरिंग ब्रुक, अबोल आणि कटाडिन स्ट्रीम या तीन पायथ्यांवर वाहनतळाच्या जागा मोजक्या. त्या आगाऊ राखून ठेवाव्या लागतात. भरल्या की पुढच्या गाडीने दुसरा डोंगर निवडायचा. उद्यानात चाळीसहून अधिक शिखरं आणि दोनशेहून जास्त मैल पायवाटा आहेत, म्हणून कुणी उपाशी परतत नाही. पावसाळी शनिवार-रविवारी आपल्या एखाद्या गडाच्या वाटेवर लागणाऱ्या रांगा पाहिल्या की मला हा वाहनतळाचा साधा नियम हटकून आठवतो. डोंगरावर किती माणसं असावीत हे पायथ्याशीच ठरतं.

वरच्या 'टेबललँड' नावाच्या सपाटीवर 'कटाडिन आर्क्टिक' हे फुलपाखरू आढळतं. करड्या-तपकिरी पंखांचं, खडकावर बसलं की ओळखू न येणारं. कटाडिन सोडून जगात इतरत्र हे फुलपाखरू नाही. त्याच सपाटीवर आर्क्टिक वनस्पतींची इवलीशी बेटं आहेत. दगडांनी आखलेल्या वाटेच्या बाहेर एक बूट पडला तरी वर्षानुवर्षं सावरत नाहीत.

अपलाचियन ट्रेल ही सुमारे २,१९० मैलांची पायवाट जॉर्जियातून निघून इथे, कटाडिनच्या माथ्यावर संपते. महिनोन्‌महिने चालून आलेल्यांना जल्लोष करावासा वाटणं स्वाभाविक. गर्दी वाढली तशी कुरबुरीही वाढल्या. २०१५ मध्ये एका विक्रमी धावकाने माथ्यावर शँपेन उडवली आणि प्रकरण गाजलं. त्यानंतरच्या वर्षी लांब पल्ल्याच्या पदयात्रींसाठी परवानापत्र सुरू झालं. विक्रम कुणाचाही असो, डोंगराची अट सर्वांना सारखी, हे मंडळाने ठामपणे सांगितलं. मला ते योग्य वाटतं.

मधल्या काळात शेजार पालटला. मिलिनॉकेटची कागद गिरणी २००८ मध्ये बंद पडली. १९३० मध्ये पहिला तुकडा विकणारी ग्रेट नॉर्दर्न कंपनी त्याआधीच दिवाळखोरीत गेली होती. आता त्या गावाचा बराचसा भार डोंगर बघायला येणाऱ्यांवर आहे. त्याच सुमारास, २००६ मध्ये, बॅक्स्टर यांना आयुष्यभर हवा असलेला आणि कधी न मिळालेला कटाडिन लेक उद्यानात आला. चित्रकारांनी दीडशे वर्षं रंगवलेला हा तलाव आणि भोवतीचे ४,११९ एकर. त्यासाठी लोकांकडून सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर गोळा करावे लागले. जुन्या वाटाघाटीत जे बॅक्स्टर एकट्याने करत, ते या वेळी हजारोंनी मिळून केलं. तलावापर्यंत मोटारीचा रस्ता झाला नाही. आजही तिथे पायी जावं लागतं.