चालत्या मोटारीतील अग्नी

मोटार मुळात अग्नीवर चालते, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलेलो असतो. इंजिनाच्या आत पेट्रोलच्या वाफेचा क्षणोक्षणी भडका उडतो, त्या जोराने दट्ट्या हलतो आणि चाके फिरतात. त्यामुळे चालती गाडी पेटली, की संकट बाहेरून आले असे आपल्याला वाटते. वस्तुतः आत कोंडलेल्या अग्नीनेच मर्यादा सोडलेली असते. ती का सोडली, हा प्रश्न अभियंत्यांचा. मात्र त्या घटनेची दखल कोणी घ्यायची, हा प्रश्न शासनाचा आणि समाजाचा आहे, आणि आपल्याकडे तो फार उशिरा विचारला गेला.

इंदूरला मोटारीचे कौतुक जुने. यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग गाडी आजही जगातील जाणकारांच्या बोलण्यात येते. सामान्य माणसाची मजल मात्र दुचाकीपर्यंतच होती. ऐंशीच्या दशकात आपल्या शेजारी पिथमपूर वसले आणि पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा तेथे तयार होऊ लागली. पुढे मुलगा उभा, मागे पत्नी, तिच्या मांडीवर तान्हे मूल, अशी कुटुंबे स्कूटरवरून जाताना आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पावसात भिजणारे असेच एक कुटुंब पाहून रतन टाटांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असे त्यांनीच सांगितले होते.

ती मोटार म्हणजे नॅनो. तिची घडण पुण्यात झाली आणि त्या कामाचे नेतृत्व गिरीश वाघ या मराठी अभियंत्याकडे होते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती प्रथम लोकांसमोर आली आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिची विक्री जाहीर झाली. दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली. त्यांतून पहिले एक लाख ग्राहक सोडत काढून निवडावे लागले. आयुष्यातील पहिली चारचाकी घेणाऱ्यांची ही रांग होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील हकिकतीचे गांभीर्य कळणार नाही.

त्याच वर्षी अहमदाबाद, लखनौ आणि दिल्ली येथे नॅनोतून धूर निघाल्याच्या घटना घडल्या. दिवे आणि वायपर चालविणाऱ्या एका बटणाच्या जोडणीत विद्युतप्रवाहाचा दोष झाला, असे कंपनीने सांगितले. पुढे २१ मार्च २०१० रोजी मुंबईत मुलुंड येथे, विक्रीदालनातून घरी नेली जात असलेली कोरी गाडी रस्त्यातच पेटली. मागे इंजिनाच्या बाजूने ज्वाळा निघत असल्याचे एका मोटारसायकलस्वाराने सांगितले, म्हणून आतील माणसे वेळीच बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात गुजरातेत आणखी एक गाडी जळाली. कंपनीने चौकशी केली आणि रचनेत दोष नाही, प्रत्येक घटनेचे कारण त्या त्या गाडीपुरते आहे, असा निष्कर्ष जाहीर केला.

हा निष्कर्ष बरोबर की चूक, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण गाडी पेटते कशी, हे जाणून घेणे वाचकांना उपयोगाचे आहे. उन्हाळ्यात वर्तमानपत्रे उन्हाला दोष देतात. इंदूरचा पारा ४३ अंशांवर गेला तरी तेवढ्याने पेट्रोल आपोआप पेटत नाही. त्यास अडीचशे अंशांहून अधिक तापमान लागते. एवढी उष्णता इंजिनाजवळच्या धुराच्या नळीत सहज असते. जुन्या रबरी नळीला चीर पडून पेट्रोल त्या तापलेल्या भागावर ठिबकले, की आग लागते. ऊन फार तर रबर लवकर जुने करते. दुसरे कारण वायरींचे. वायरीचे आवरण घासून वा उंदराने कुरतडून उघडे पडते. बाजारातून मोठा हॉर्न वा झगझगीत दिवे बसविताना मूळ वायर कापून जोड दिला जातो. अधिक भार आल्यावर जळून जाणे, हे फ्यूजचे काम. तो वारंवार जळतो म्हणून अधिक क्षमतेचा घातला, की पहारेकऱ्यालाच झोपविल्यासारखे होते. मग वायर स्वतःच तापून पेटते.

नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने रस्त्यावर आलेल्या ७०,००० हून अधिक नॅनो गाड्यांत धुराच्या नळीला व विद्युतजोडणीला अधिकचे संरक्षण विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखविली. मात्र यास ‘गाड्या परत बोलावणे’ म्हणू नये, असेही स्पष्ट केले. त्याच महिन्यात देशभरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. कर्ज मिळण्याची अडचण वगैरे कारणेही त्यामागे होती. तरी लोकांच्या मनातील भीतीचा त्यात वाटा नव्हता, असे कोण म्हणेल? २०१८ साली नॅनोचे उत्पादन जवळजवळ थांबले.

शब्दाचा हा वाद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट आम्ही जाणतो: जी घटना कोणत्याही रकान्यात बसत नाही, ती शासनाच्या लेखी घडलेलीच नसते. २०१० साली आपल्या कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचा रकानाच नव्हता. सुधारणा म्हणावी की उपकार, हे ठरविणे सर्वस्वी उत्पादकाच्या हाती होते. अमेरिकेत राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने खळबळ उडाली आणि १९६६ सालीच वाहनसुरक्षेचा कायदा झाला. मागून धडक बसल्यावर पेट घेणाऱ्या फोर्ड पिंटो गाड्यांच्या प्रकरणात १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे वाहन उद्योगाने २०१२ मध्ये स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. मोटार वाहन कायद्यात ‘११० अ’ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आले आणि १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. आता ठरावीक प्रमाणात वाहनधारकांच्या तक्रारी आल्यास अथवा चाचणी संस्थेने दोष दाखविल्यास शासन गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. अशा चाचण्यांसाठीची ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी आपल्या पिथमपुरातच आहे. २०२१ च्या जून महिन्यात प्रकाश जावडेकर यांनी तिचे उद्घाटन केले.

या बदलाचे मोल लवकरच कळले. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विद्युत स्कूटर पेटली. इतरत्रही तशाच घटना घडल्या. या वेळी केंद्र शासनाने तज्ज्ञांकडून चौकशी करविली, उत्पादकांनी वाहने परत बोलावली आणि डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक झाले. पेट्रोल जाऊन बॅटरी आली, तरी कोंडलेल्या शक्तीचा स्वभाव बदलत नाही. बदलली ती आपली दखल घेण्याची रीत.

कायद्याची खरी किल्ली मात्र तक्रारीत आहे. गाडी पेटली की ‘शॉर्ट सर्किट’ एवढे दोन शब्द पंचनाम्यात पडतात, विम्याची रक्कम मिळाली की घरचे ‘जीव वाचला, नशीब’ म्हणून गप्प बसतात, आणि कोणत्या गाडीची कोणती वायर कोठे जळाली, हे कायमचे बुजून जाते. नशिबाचे आभार अवश्य मानावेत. त्याच दिवशी लेखी तक्रारही नोंदवावी. मुलुंडला एका अनोळखी माणसाने हाक दिली म्हणून माणसे वाचली. आपली तक्रार ही पुढच्या गाडीतील अनोळखी कुटुंबाला दिलेली तशीच हाक आहे.