सोडावॉटर : खलाशांसाठी शोधलेले औषध

१/७
सोडावॉटर आज तहान आणि अपचन यांपुरते उरले आहे. परंतु ते घरच्या घरी करण्याची कृती सांगणारी पुस्तिका १७७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यामागे खलाशांचे प्राण वाचवण्याची आशा होती.

२/७
पुस्तिकेचा लेखक जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक होता. १७६७ मध्ये तो लीड्सला आला आणि बिअरच्या भट्टीशेजारी राहू लागला. आंबणाऱ्या द्रवावर जड वायूचा थर साचे. त्यात मेणबत्ती विझे. हाच तेव्हाचा ‘बद्ध वायू’, आजचा कार्बन डायऑक्साइड. प्रीस्टलीने त्या थरात दोन भांड्यांतून पाणी खालीवर ओतले. पाण्याला सुखद, आंबूस चव आली.

३/७
घरी भट्टी कुठून आणायची? त्याचा उपाय साधा होता. खडूच्या पुडीवर सौम्य गंधकाम्ल ओतायचे. निघणारा वायू जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत घ्यायचा आणि नळीने पाणी भरलेल्या पालथ्या बाटलीत सोडायचा. मग बाटली जोराने हलवायची.

४/७
हलवणे महत्त्वाचे, कारण त्याने वायू आणि पाणी यांचा संपर्क वाढतो. पाणी थंड असेल तर वायू अधिक विरघळतो. त्याचा अल्प अंश कार्बोनिक आम्ल बनतो, आंबूसपणा त्याचाच. दाब वाढवला की विरघळणारा वायूही त्याच प्रमाणात वाढतो, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडला.

५/७
मग खलाशांचा संबंध काय? लांबच्या सफरीत स्कर्व्हीने हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत, माणसे मरत. डेव्हिड मॅकब्राइड या वैद्याच्या मते हा शरीराचा कुजण्याचा विकार होता आणि बद्ध वायू कुजणे थांबवीत असे. तसे असेल, तर वायुयुक्त पाणी हेच औषध! प्रीस्टलीने पुस्तिका नौदलाचा प्रमुख लॉर्ड सँडविच याला अर्पण केली.

६/७
तर्क सुसंगत होता, पण पायाच चुकीचा होता. स्कर्व्ही होतो ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने, आणि सोडावॉटरमध्ये ते नसते. दुर्दैव असे की, जेम्स लिंडने १७४७ मध्येच बारा रुग्णांवर निरनिराळे उपाय करून पाहिले होते. संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. हा वृत्तांत १७५३ मध्ये छापलाही गेला. तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमित देण्याचे ठरवले ते १७९५ मध्ये.

७/७
औषध फसले, पेय टिकले. जॉन मर्विन नूथने मूत्राशयामुळे पाण्याला दुर्गंध येतो अशी तक्रार केली आणि संपूर्ण काचेचे घरगुती उपकरण बनवले. याकोब श्वेपेने जिनिव्हात या पाण्याचा व्यवसाय उभारला. पुढे हायरम कॉडने वायूच्या दाबानेच गोटी तोंडाशी घट्ट बसेल अशी बाटली काढली. महाराष्ट्रात तीच ‘गोटी सोडा’ म्हणून रुळली. त्या सोड्यात लिंबू पिळले जाते, तेव्हा खलाशांना हवे असलेले औषध अखेर त्या पाण्यात उतरते.