क्यूटीचा परवाना आणि बारा महिन्यांचे कलम

#थ्रेड

ऑक्टोबर १९९८. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या संग्रहातून केडीई हा संपूर्ण डेस्कटॉप काढून टाकला. लिनक्स सामान्य माणसाच्या हाती देण्याचा तो त्या काळातील सर्वांत धाडसी प्रयत्न होता आणि त्याच्या दर्जाविषयी डेबियनची तक्रार नव्हती. हरकत होती ती केडीई ज्यावर उभा होता, त्या टूलकिटच्या परवान्याला.

टूलकिट म्हणजे खिडक्या, बटणे, मेनू यांचा तयार संच. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ही सामग्री नव्याने घडवावी लागू नये, एवढाच त्याचा हेतू. पण एकदा त्यावर लाखो ओळींचा कोड रचला गेला की ते बदलणे जवळजवळ सगळेच पुन्हा लिहिण्यासारखे असते.

केडीईचे टूलकिट होते क्यूटी. नॉर्वेच्या होवार्ड नोर्ड आणि आयरिक चॅम्बे-एंग यांनी ते घडवले, १९९४ मध्ये कंपनी काढली (पुढे ती ट्रोलटेक म्हणून ओळखली गेली) आणि मे १९९५ मध्ये क्यूटी जगापुढे आणले. अट दुहेरी होती. युनिक्सवर मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यास ते विनामूल्य. व्यापारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास आणि विंडोजवर वापरणाऱ्यास सशुल्क.

ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेनचा विद्यार्थी मॅथियास एट्रिख याने केडीईची घोषणा केली, तेव्हा त्याने क्यूटी निवडले. ते दर्जेदार होते आणि फुकट होते. मात्र मुक्त नव्हते. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द असल्याने तिकडे फार शाई खर्ची पडली. मराठीत तो घोळ होत नाही. क्यूटीचा कोड वाचता येत होता, पण त्यात बदल करून तो इतरांना वाटण्याची मुभा नव्हती.

उलट केडीईचा बराचसा कोड जीपीएल परवान्याखाली होता. जीपीएलची अट अशी, की प्रोग्रॅम वाटायचा तर त्याचे सर्व घटक त्याच स्वातंत्र्यासह वाटले पाहिजेत. क्यूटी त्यात बसत नव्हते. दोन्ही एकत्र वाटणे हाच परवान्याचा भंग, असे डेबियनचे म्हणणे. कायद्याच्या अंगाने ते चूक ठरवणे कठीण आहे.

विरोधकांनी दोन वाटा धरल्या. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी जीटीके या मुक्त टूलकिटवर ग्नोम हा प्रतिस्पर्धी डेस्कटॉप सुरू केला. दुसरा गट ‘हार्मनी’ या नावाने क्यूटीची मुक्त प्रतिकृती लिहू लागला. म्हणजे ट्रोलटेकचा माल फुकटात नव्याने बनू लागला होता.

या दबावाच्या काळातच, जून १९९८ मध्ये, ‘केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन’ स्थापन झाले. कंपनीने लिहून दिले की बारा महिने क्यूटीची मुक्त आवृत्ती निघाली नाही, कंपनी विकली गेली वा बुडाली तरीही, फाउंडेशनला क्यूटी बीएसडी धर्तीच्या अत्यंत सैल परवान्याखाली खुले करता येईल. मालकाने स्वतःच्या मालमत्तेवर स्वतःविरुद्ध लिहून दिलेला असा दस्तऐवज सॉफ्टवेअरच्या इतिहासात विरळाच. पण ती भविष्याची हमी होती, आजची परवानगी नव्हे. म्हणून चारच महिन्यांनी डेबियनचा निर्णय झाला.

१९९९ मध्ये आलेला क्यूपीएल हा नवा परवाना मुक्त होता, तरी जीपीएलशी न जुळणारा. पेच सुटला ४ सप्टेंबर २००० रोजी, जेव्हा ट्रोलटेकने युनिक्ससाठीचे क्यूटी जीपीएलखालीही दिले.

यात कंपनीचे नुकसान झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः जीपीएल तिच्या सोयीचा होता. ज्याला आपला कोड उघड करायचा नाही, त्याला जीपीएलचे क्यूटी उपयोगाचे नाही. त्याने पैसे भरून व्यापारी परवाना घ्यावा. परवाना जितका कडक, तितकी विक्रीला अधिक जागा.

२००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली आणि हे गणित उलटले. नोकियाला फोन विकायचे होते, परवाने नव्हेत. २००९ मध्ये क्यूटी एलजीपीएलखालीही आले. कोड बंद ठेवणाऱ्यांनाही काही अटींवर ते विनामूल्य वापरता येऊ लागले. पुढे २०११-१२ मध्ये क्यूटी डिजिया या फिनिश कंपनीकडे गेले आणि परवाना-विक्री पुन्हा उत्पन्नाचे साधन बनली.

जानेवारी २०२० मध्ये ‘द क्यूटी कंपनी’ने जाहीर केले, की दीर्घकाळ देखभालीच्या आवृत्त्या यापुढे सशुल्क ग्राहकांनाच मिळतील. त्यानुसार क्यूटी ५.१५.३ २०२१ मध्ये केवळ त्यांना मिळाली. मधल्या काळासाठी केडीईने दुरुस्त्यांचा स्वतःचा संग्रह सुरू केला. सर्वांसाठी ती आवृत्ती खुली झाली मार्च २०२२ मध्ये, म्हणजे सुमारे बारा महिन्यांनी.