आकाश निरभ्र, वारा शांत. तरी थंडीत ग्लायडर जमिनीवरच का थांबतं?

जानेवारीतली सकाळ. वाशीच्या खाडीपुलावरून वर पाहिलं तर आकाश निळं, समोरच्या इमारती मात्र धुरकट. पाऊस नाही, वाराही जवळपास नाही. उडायला याहून चांगला दिवस कोणता, असं कुणालाही वाटेल. ग्लायडिंग क्लबमध्ये मात्र अशाच सकाळी 'आज उड्डाण नाही' असं ठरू शकतं.

नवी मुंबईकरांना या खेळाचं जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यातलं हडपसर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर तिथे आहे.

इंजिन नाही, मग वर कसं जातं?

मैदानाच्या टोकाला विंच नावाचं यंत्र असतं. ते लांबलचक तार वेगाने गुंडाळतं आणि पतंगासारखं ग्लायडर वर चढतं. समजा ३०० मीटरवर तार सुटली. शांत हवेत ग्लायडर सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतं, म्हणजे पाचेक मिनिटांत पुन्हा जमिनीवर! जास्त वेळ राहायचं तर तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे 'थर्मल' लागते. घारी पंख न हलवता गिरक्या घेतात, त्या याच हवेवर.

थंडीत अडतं कुठे?

रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार, असा उलटा प्रकार होतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. खालची हवा वर चढत नाही, धूर आणि धूळही तिथेच कोंडते. नवी मुंबईची धुरकट सकाळ आणि हडपसरला थांबलेलं ग्लायडर, दोन्हींमागे हेच झाकण असू शकतं.

थर्मल नसेल तर सराव छोटा होतो, इतकंच. खरा धोका न दिसण्याचा. डोळ्यांनी पाहून उडण्याच्या नियमांत साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावर येणारी प्रवासी विमानं उपकरणांच्या मदतीने उतरू शकतात; उतरणं जमलं नाही तर इंजिनाच्या जोरावर पुन्हा वर जातात. ग्लायडरला ती दुसरी संधी नाही. चढताना मध्येच तार तुटली, तर उतरायची जागा वैमानिकाला त्याच क्षणी दिसायला हवी.

मग दिवसभर करतात काय?

भरपूर! तार कुठे झिजली आहे का, हे पाहिलं जातं. तारेला 'वीक लिंक' नावाचा मुद्दाम कमकुवत ठेवलेला दुवा असतो. ताण वाढला की ग्लायडरचं नुकसान होण्याआधी तो तुटतो, त्यामुळे त्याची तपासणी महत्त्वाची. पंख जोडल्यावर एक जण बाहेरून पृष्ठभाग हाताने धरतो, दुसरा कॉकपिटमधून दांडा हलवतो. जोडणी पक्की आहे का, ते तिथल्या तिथे कळतं. नवशिक्यांचे हवामानाचे धडेही अशाच दिवशी होतात.

सगळ्यात अवघड असतं नाही म्हणणं. पहाटे घाटातून गाडी काढून आलेला शिकाऊ 'एक फेरी तरी होऊ द्या' म्हणतोच. बारा वाजेपर्यंत ऊन तापून झाकण फुटलं तर त्याचं नशीब. तेही जमलं नाही, तर सहानंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो आणि ग्लायडर हँगरमध्ये ढकलत नेलं जातं.