गॅरेज सेल : दारापुढचा अमेरिकी बाजार

महाराष्ट्रातील घरांत जुन्या वस्तूंच्या वाटा ठरलेल्या असतात. कपडे बोहारणीकडे जातात, वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे आणि मोडके पंखे भंगारवाल्याकडे. दारात येऊन वस्तू नेणारा आणि वर चार पैसे हातावर ठेवणारा असा माणूस अमेरिकेच्या उपनगरांत सहसा फिरकत नाही. उलट जुना सोफा उचलून नेण्यासाठी कुणाला बोलवावे, तर त्यालाच पैसे मोजावे लागतात. म्हणून घरमालक शनिवारी सकाळी गॅरेजचे दार उघडतो, आवारात टेबले मांडतो आणि नकोशा झालेल्या वस्तू स्वतःच विकायला बसतो. यालाच ‘गॅरेज सेल’ म्हणतात.

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेस जाणाऱ्या मराठी तरुणांना या बाजाराची ओळख लवकरच होते. अभ्यासाचे टेबल, दिवा, कढई, सायकल अशा वस्तू नव्या घ्याव्यात तर पहिल्याच महिन्यात खिसा रिकामा होतो. याच वस्तू गॅरेज सेलमध्ये किमतीच्या लहानशा अंशात मिळतात.

हिरवळीवर मांडलेला तो ‘यार्ड सेल’. न्यू इंग्लंडमध्ये त्यालाच ‘टॅग सेल’ म्हणतात. घर बदलताना ‘मूव्हिंग सेल’ होतो. ‘इस्टेट सेल’ मात्र वेगळा. तो बहुधा घरातील वृद्ध व्यक्तीच्या निधनानंतर संपूर्ण घर रिकामे करण्यासाठी असतो आणि अनेकदा व्यावसायिक संस्था तो चालवते. तेथे पहिल्या दिवशी भाव चढे असतात व अखेरच्या दिवशी पुष्कळदा निम्म्यावर येतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली, घरांना गॅरेज आले आणि घरात वस्तूंची गर्दी झाली, तशी ही प्रथा फोफावली. १९७३ मध्ये मार्था रोस्लर या कलावतीने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील कलादालनात चक्क गॅरेज सेलच कलाकृती म्हणून मांडला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याची भव्य आवृत्ती झाली. रस्त्यावरचा विक्रम मात्र हायवे १२७ चा आहे. द्रुतगती महामार्गांवरून भरधाव जाणाऱ्या प्रवाशांना गावांकडे वळवण्यासाठी टेनेसीतील फेंट्रेस कौंटीतून १९८७ मध्ये सुरू झालेला हा सेल दर ऑगस्टमध्ये गुरुवार ते रविवार भरतो. मिशिगनपासून अलाबामापर्यंत, सुमारे ६९० मैल!

स्वस्त खरेदीचे गमक विक्रेत्याच्या अडचणीत आहे. संध्याकाळपर्यंत न विकलेली वस्तू त्याला पुन्हा घरात न्यावी लागते किंवा दान म्हणून पोहोचवावी लागते. त्यामुळे सकाळी सात-आठला निवड उत्तम, पण भाव ताठ. दुपारी निवड उरलेली, पण भाव नरम. लाकडी टेबल किंवा चांगली सायकल हवी असेल तर लवकर जावे. पुस्तके, पेले, चित्रांच्या चौकटी यांसाठी थांबलेले बरे. जाहिरातीत ‘अर्ली बर्ड’ नकोत असे लिहिलेले असल्यास वेळेआधी दार ठोठावणे असभ्य मानले जाते. सुटे पैसे बरोबर असावेत. दोन डॉलरच्या वस्तूसाठी शंभराची नोट पुढे करणाऱ्याला सवलत मिळणे अवघडच.

घासाघीस येथे चालते, पण तिचा सूर वेगळा असतो. आपल्याकडील बाजारात वस्तूला नावे ठेवून भाव पाडण्याची रीत आहे. येथे समोर दुकानदार नसतो. त्याच पाळण्यात आपले मूल वाढवलेली आई असते. गॅरेज सेलचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ ग्रेचेन हेरमन यांनी १९९७ च्या एका शोधनिबंधात हा व्यवहार विक्री आणि भेट यांच्या सीमेवरचा असल्याचे मांडले होते. वस्तू योग्य हाती जात आहे असे वाटले, तर मालक भाव आपणहून उतरवतो. दोष काढण्यापेक्षा ‘पहिलेच बिऱ्हाड आहे’ एवढे खरे सांगणे अधिक उपयोगी पडते. तीन-चार वस्तू एकत्र घेऊन एकच आकडा विचारणे हाही रुळलेला मार्ग आहे.

दंतकथा वाटाव्यात अशा खरेदीही झाल्या आहेत. न्यूयॉर्क राज्यात २००७ मध्ये तीन डॉलरला घेतलेले पांढरे वाडगे चीनच्या साँग काळातले, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे निघाले. २०१३ च्या लिलावात त्याला २२ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे ३५ डॉलरला मिळालेले मिंगकालीन वाडगे २०२१ मध्ये ७ लाख २१ हजार ८०० डॉलरला गेले. अशा आशेने बाजार धुंडाळणाऱ्यांच्या घरी बहुधा वाडगीच साठतात, ही गोष्ट वेगळी.

काही वस्तू मात्र फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. बाजू खाली सरकणारे बाळाचे पाळणे जून २०११ पासून अमेरिकेत विकण्यास बंदी आहे; तरीही माळ्यावरचे जुने नमुने बाहेर येतात. मोटारीतील बालआसनांना वापराची मुदत असते, आणि ते आसन अपघातातून गेले आहे का, हे पाहून कळत नाही. सुरक्षेच्या कारणावरून परत मागवलेली वस्तू विकणे २००८ च्या कायद्यानुसार बेकायदा आहे; घरगुती विक्रेत्यालाही यात सूट नाही. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या यादीत नमुना क्रमांक तपासता येतो. मुलांच्या खोलीसाठी १९७८ पूर्वीचे रंगवलेले फर्निचर टाळावे, कारण त्या रंगात शिसे असू शकते. गाद्या आणि कापडी सोफे यांच्या शिवणींत ढेकूण दडतात. एकदा ते घरात शिरले की निर्मूलनाचा खर्च नव्या गादीहूनही अधिक होतो.

भारतीय वस्तीच्या भागांत परतीला निघालेल्या कुटुंबांचे सेल असतात. तेथे अमेरिकी विजेवर चालणारे मिक्सर, कुकर, इडलीपात्र, पाटा-वरवंटाही मिळून जातो. कुकर घेताना रबरी रिंग आणि सुरक्षा झडप आधी पाहावी. एच-१बी व्हिसावरील नोकरी गेल्यास नवी मिळवण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यामुळे काही सेल हौसेचे नसतात. संसार आठवडाभरात मोडायचा असतो. तेथे पाच डॉलरसाठी अडून बसू नये, एवढा विवेक खरेदीदाराने ठेवावा. अशा घरातून घेतलेला मिक्सर पुढे स्वतः भारतात परतताना मात्र सोबत आणण्यात अर्थ नाही. तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावताच जळतो.