युद्धकालीन नभोवाणी-श्रवण, भारतातील

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) भारतात मुख्यतः सायंकाळी व रात्री चालणारे देशी-परदेशी वृत्तांचे श्रवण. वृत्तपत्रांवरील नियंत्रणामुळे या श्रवणास असाधारण महत्त्व आले. एकाच घटनेची परस्परविरोधी वृत्ते एकाच रात्री एकाच ग्राहीवर ऐकावयास मिळत असल्याने, कोणावर विश्वास ठेवावयाचा हा प्रश्न श्रोत्यांपुढे प्रथमच इतक्या तीव्रतेने उभा राहिला. १९४२ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक होय.

पार्श्वभूमी : भारतात नियमित नभोवाणी-प्रक्षेपणाचा आरंभ इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राने २३ जुलै १९२७ रोजी केला. कंपनी बुडाल्यावर हे कार्य सरकारने आपल्याकडे घेतले व ८ जून १९३६ रोजी या सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. १९३९ अखेर तिची नऊ केंद्रे होती. ग्राही बाळगण्यासाठी वार्षिक दहा रुपये शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. १९४७ मध्येही देशातील एकूण ग्राहींची संख्या सु. पावणेतीन लाखच होती. परंतु एवढ्यावरून श्रोत्यांची संख्या ठरविणे चुकीचे ठरेल. एका ग्राहीभोवती कुटुंबीय, शेजारी व परिचित जमत. ऐकलेली वार्ता दुसऱ्या दिवशी कचेरीत, बाजारात व चाळीच्या गॅलरीत पोहोचे. ज्यांनी नभोवाणी कधीच ऐकली नव्हती, असे अनेक लोकही तिच्या वार्तांचे वाहक होते.

सायंकाळचे महत्त्व : रात्रीच्या श्रवणास सवडीइतकेच भौतिक कारणही होते. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम तरंग मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि लघुतरंगांपैकी लांब तरंगांनाही क्षीण करतो. सूर्यास्तानंतर हा थर विरळ होतो व तरंग वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. त्यामुळे अंधार पडू लागला की दूरदूरची केंद्रे तबकडीवर उमटू लागत. त्या काळचे ग्राही निर्वात नलिकांचे असल्याने ते सुरू केल्यानंतर नलिका तापेपर्यंत थांबावे लागे. चांगल्या ग्रहणासाठी घराच्या छपरावर किंवा गच्चीवर तांब्याच्या तारेचा आकाशक बांधीत. वीज नसलेल्या गावी ग्राही विद्युत् घटमालेवर चाले, म्हणून तो बेतानेच वापरला जाई. लघुतरंगांवरील आवाज वारंवार चढत व उतरत असे. त्यात खरखर व हेतुपुरस्सर केलेला व्यत्यय यांची भर पडे. तुटक ऐकू आलेले वाक्य पुरे करण्याचे काम पुष्कळदा श्रोत्यासच करावे लागे.

१ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे करण्यात आली होती. मुंबईत तर प्रमाणवेळेखेरीज स्थानिक ‘मुंबई वेळ’ही प्रचारात होती. परदेशी केंद्राची वेळ साधण्यासाठी श्रोत्यास घड्याळाचा असा दुहेरी हिशोब ठेवावा लागे.

तबकडीवरील केंद्रे : ऑल इंडिया रेडिओ हे सरकारी खाते असल्याने त्याची वृत्ते सरकारी धोरणास बांधलेली होती. शत्रूच्या प्रचारास उत्तर देण्यासाठी १ ऑक्टोबर १९३९ पासून त्याने पुश्तू भाषेत बाह्य प्रक्षेपण सुरू केले. पुढे या सेवेत इतर भाषांची भर पडली. लंडनच्या बी. बी. सी. ने ११ मे १९४० रोजी हिंदुस्थानी सेवा सुरू केली व मार्च १९४२ पासून मराठीतूनही कार्यक्रम देण्यास आरंभ केला. तिच्या पौर्वात्य विभागात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल (१९४१–४३) याने काम केले. त्याने लिहिलेली साप्ताहिक वार्तापत्रे भारतीय भाषांत अनुवादित होऊन प्रक्षेपित होत. मराठी भाषिक वेणू चितळे याच विभागात काम करीत होत्या.

विरुद्ध बाजूस बर्लिन, रोम व टोकिओ येथील केंद्रे होती. रोमहून मुहम्मद इक्बाल शैदाई यांचा ‘रेडिओ हिमालय’ चाले. जानेवारी १९४१ मध्ये नजरकैदेतून निसटलेले सुभाषचंद्र बोस त्याच वर्षी जर्मनीत पोहोचले व १९४२ च्या आरंभी तेथून आझाद हिंद रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले. हिंदी, बंगाली, मराठी इ. भाषांतून ते चाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि त्यानंतर काही दिवसांतच बोस यांनी स्वतःचे नाव उघड करून भाषण केले. वर्षभर ज्यांचा ठावठिकाणा ठाऊक नव्हता, त्यांचा आवाज भारतात घरोघरी ऐकू आला.

जर्मनीत परदेशी केंद्रे ऐकणे हा सप्टेंबर १९३९ पासून गुन्हा होता व तेथे ऐकलेली वार्ता पसरविणाऱ्यास देहान्ताची शिक्षाही होऊ शके. भारतात वृत्तपत्रांवर भारत संरक्षण नियमांचा कडक अंमल होता. तथापि घराच्या दारामागे तबकडी कोणत्या आकड्यावर थांबते, हे पाहणे सरकारच्या आवाक्याबाहेरचे होते.

मृत्युवार्तेचा प्रसंग : मार्च १९४२ च्या अखेरीस बोस विमान-अपघातात मरण पावल्याचे वृत्त प्रसृत झाले. टोकिओ येथील परिषदेस निघालेले काही भारतीय अपघातात खरोखरच मृत्यू पावले होते. बोस मात्र त्यांत नव्हते. हे वृत्त भारतात खरे मानले गेले. महात्मा गांधींनी बोस यांच्या मातोश्रींस सांत्वनाची तारही पाठविली. थोड्याच अवधीत बोस यांनी स्वतः प्रक्षेपण करून आपण जिवंत असल्याचे सांगितले. छापलेल्या वार्तेचे खंडन तीत मृत ठरविलेल्या व्यक्तीच्या आवाजानेच झाले. ब्रिटिश वृत्तसंस्थांची विश्वासार्हता यामुळे भारतीय श्रोत्यांच्या दृष्टीने मोठ्या प्रमाणात घटली.

काँग्रेस रेडिओ : ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला व दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना अटक झाली. आंदोलनाच्या वार्ता वृत्तपत्रांतून जवळजवळ नाहीशा झाल्या. ही पोकळी भरून काढण्यासाठी मुंबईतील काही तरुणांनी गुप्त प्रेषक उभारला. त्यांत उषा मेहता (१९२०–२०००), विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर, चंद्रकांत झवेरी व विठ्ठलभाई झवेरी हे प्रमुख होत. राममनोहर लोहिया यांचे त्यांना मार्गदर्शन होते. युद्ध सुरू होताच हौशी प्रेषकांचे परवाने रद्द झालेले असल्याने यंत्रसामग्री मिळविणे हेच मोठे जोखमीचे काम होते.

ऑगस्टमध्ये या केंद्राचे प्रक्षेपण ४२·३४ मीटर तरंगलांबीवर (सु. ७ मेगॅहर्ट्‌झ) सुरू झाले. सायंकाळी ही तरंगलांबी देशांतर्गत दूरच्या पल्ल्यास सोयीची असते. हिंदुस्थानी व इंग्रजी भाषांतून वृत्ते व भाषणे दिली जात. भाषणे बहुधा अन्यत्र ध्वनिमुद्रित करून आणीत. प्रेषकाचा माग लागू नये म्हणून चौपाटी, गिरगाव, महालक्ष्मी अशा भागांत जागा वारंवार बदलण्यात आल्या. चितगाववरील बाँबहल्ला, जमशेटपूर येथील संप, विदर्भातील आष्टी व चिमूर येथील दडपशाही यांसारख्या दडवलेल्या वार्ता या केंद्राने दिल्या. विदर्भातील गावांत काय घडले, हे मुंबईच्या श्रोत्यास अशा रीतीने मुंबईतल्याच एखाद्या खोलीतून कळे, मात्र ती खोली कोठे आहे हे त्यास ठाऊक नसे.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी एका तंत्रज्ञाकडून मिळालेल्या माहितीवरून पोलिसांनी महालक्ष्मी भागातील जागेवर छापा घातला. उषा मेहता यांच्या कथनानुसार त्या वेळी ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिका चालू होती व पोलिसांनी आज्ञा करूनही त्यांनी ती थांबविली नाही. विशेष न्यायालयाने खाकर यांना पाच, उषा मेहता यांना चार व चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष कारावासाची शिक्षा दिली. उषा मेहता १९४६ मध्ये येरवडा कारागृहातून सुटल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. काँग्रेस रेडिओचे आयुष्य तीन महिन्यांहूनही कमी भरले.

परिणाम : युद्धातील कोणत्याच केंद्राने पूर्ण सत्य सांगितले नाही. अक्ष राष्ट्रांच्या केंद्रांनी विजय फुगविले. त्यांच्या आश्रयाने बोलणाऱ्या भारतीयांनाही यजमानांच्या अत्याचारांविषयी मौन पाळावे लागले. ब्रिटिश केंद्रे रणांगणावरील पराभव पुष्कळदा मान्य करीत, पण भारतात सरकार काय करीत आहे याविषयी गप्प राहत. भारतीय श्रोत्यास असत्यापेक्षा हे मौन अधिक जाणवले, कारण ज्या घटना त्याने स्वतः किंवा त्याच्या आप्तांनी पाहिल्या होत्या, त्यांचाच त्या वृत्तांत उल्लेख नसे. दोन-तीन केंद्रे ऐकून त्यांतील सामाईक भाग खरा मानणे, ही सवय या काळात सुशिक्षित वर्गात रुजली.

या अविश्वासाचे परिणाम दूरगामी ठरले. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैवानमध्ये झालेल्या विमान-अपघातात बोस मृत्यू पावल्याचे वृत्त काही दिवसांनी टोकिओहून प्रसृत झाले, तेव्हा असंख्य भारतीयांनी ते नाकारले. मार्च १९४२ मध्ये अशीच वार्ता खोटी ठरल्याचे त्यांनी स्वतः अनुभवले होते. या मृत्यूच्या चौकशीसाठी स्वतंत्र भारतात १९५६, १९७० व १९९९ मध्ये समिती व आयोग नेमण्यात आले, तरी शंका पूर्णतः मिटल्या नाहीत. एकदा खोट्या ठरलेल्या वार्तेमुळे पुढची गंभीर वार्ताही संशयास्पद ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.